खेळणे ऐच्छिक, राखणे सक्तीचे

(तृतीय वर्ष कला, राज्यशास्त्र)

कोणत्याही शहरातल्या सार्वजनिक जलतरण तलावावर जा, दाराशीच नियमांचा एक लांबलचक फलक आपले स्वागत करतो. तलावात उतरण्यापूर्वी स्नान करावे. अंगाला तेल लावून उतरू नये. टोपीशिवाय पोहू नये. त्वचेचा रोग असणाऱ्यांस प्रवेश नाही. आणि सर्वांत शेवटी, जरा ठसठशीत अक्षरांत : पोहणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर पोहावे. बागेच्या फाटकावरही त्याच घराण्यातला फलक असतो. फुले तोडू नयेत, हिरवळीवर चालू नये, बारा वर्षांवरील मुलांनी खेळण्यांवर बसू नये, अपघात झाल्यास व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही.

हे नियम चुकीचे आहेत असे मला मुळीच म्हणायचे नाही. अंगावरचा घाम आणि तेल घेऊन तलावात उतरणे हा इतरांवर अन्यायच आहे, आणि आडदांड मुलगा लहानग्यांच्या झोपाळ्यावर बसला की साखळीवर ताण येतो हेही खरे. पण भाषेच्या विद्यार्थ्याने हे फलक एकदा नीट वाचावेत. त्यातल्या प्रत्येक आज्ञेचा कर्ता आपण आहोत. स्नान आपण करावे, टोपी आपण घालावी, फुले आपण तोडू नयेत. पालिकेने काय करावे हे सांगणारे एकही वाक्य सहसा त्या फलकावर नसते. पाणी किती वेळाने तपासले जाईल, झोपाळ्याच्या कड्या कोण पाहील, शेवटची पाहणी कोणत्या तारखेला झाली, याबद्दल फलक मौन पाळतो. व्यवस्थापनाचा उल्लेख येतो तो एकदाच, जबाबदारी झटकण्यापुरता.

माझे म्हणणे साधे आहे. तलाव बांधावा की बांधू नये, बाग करावी की करू नये, हे पालिकेने आपल्या ऐपतीप्रमाणे ठरवावे. पण एकदा तलाव बांधला, बाग उघडली, पोरांना आत बोलावले, की ती जागा सुरक्षित राखणे हा मर्जीचा प्रश्न उरत नाही. ते बंधन मानले गेले पाहिजे, आणि ते गावाच्या स्वतःच्या लेखी नियमांत उतरले पाहिजे.

कायद्याची आजची स्थिती पाहू. मुंबई वगळता महाराष्ट्रातल्या महानगरपालिका ज्या कायद्याने चालतात तो १९४९ सालचा. मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम हे त्याचे जुने नाव. आता तो महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम म्हणून ओळखला जातो. या कायद्याने पालिकेच्या कामांची दोन कलमांत वाटणी केली आहे. ६३ व्या कलमात बंधनकारक कर्तव्ये येतात : गटारे, दिवाबत्ती, रस्ते, पाणीपुरवठा, स्मशाने. ६६ व्या कलमात जी कामे पालिकेने आपल्या स्वेच्छेने करावयाची ती येतात, आणि पोहण्याचे तलाव, उद्याने, क्रीडांगणे ही सगळी याच यादीत आहेत. ही वाटणी मला अयोग्य वाटत नाही. ज्या शहराला पिण्याचे पाणी पुरत नाही त्याने आधी नळ द्यावेत, तलाव मागाहून बांधावा, हे कोणीही मान्य करील.

पण व्यवहारात एक गोष्ट नकळत घडते. बांधणे ऐच्छिक म्हणून राखणेही ऐच्छिक ठरते. उद्घाटनाला फीत कापली जाते, कोनशिला बसते, आणि दोन पावसाळे उलटले की घसरगुंडीचा पत्रा कडेने उचकटतो. तो ठोकायचा की नाही हे त्या वर्षीच्या शिल्लकेवर आणि कोणाच्या तरी मर्जीवर अवलंबून राहते. वस्तुतः त्याच ६३ व्या कलमात धोकादायक इमारती आणि धोकादायक जागा सुरक्षित करणे हे बंधनकारक कर्तव्य म्हणून सांगितलेले आहे. शेजारच्या वाड्याची भिंत झुकली तर पालिका मालकाला नोटीस देते. मग स्वतःच्याच बागेतला गंजलेला पाळणा ही धोकादायक जागा का मानली जाऊ नये?

हा विषय मुख्यतः गावाचाच आहे, हेही ध्यानात घ्यावे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला जे बारावे परिशिष्ट जोडले त्यात नागरी संस्थांकडे सोपवावयाचे अठरा विषय आहेत, आणि उद्याने, बागा व क्रीडांगणे हा त्यांतला एक आहे. सार्वजनिक आरोग्य हाही आहे. शिवाय १९४९ च्या कायद्याचे ४५८ वे कलम महानगरपालिकेला उपविधी करण्याचा अधिकार देते. म्हणजे दिल्लीकडे डोळे लावून बसण्याचे कारण नाही. तलावाच्या पाण्यासाठी भारतीय मानकही आहे. आय. एस. ३३२८ या क्रमांकाचे हे मानक १९९३ साली सुधारून निघाले. पण मानक म्हणजे कायदा नव्हे. कोणीतरी ते अंगीकारावे लागते, ते पाळले जाते की नाही हे पाहणारा माणूस नेमावा लागतो. हे अंगीकारण्याचे काम गावाचे आहे.

यावर पहिला आक्षेप घरातूनच येईल. आजोबा म्हणतील, आम्ही विहिरीत पोहायला शिकलो. पाठीला सुका भोपळा नाहीतर तुपाचा रिकामा डबा बांधला, काकाने काठावरून ढकलून दिले, आणि चार दिवसांत आम्ही मुटका मारू लागलो. कुठला क्लोरीन अन् कुठली तपासणी? झाडावरून पडलो, हात मोडला, जोडला. तुम्ही मुलांना कापसात गुंडाळून ठेवायला निघालात.

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मुलाला उंची हवी, वेग हवा, थोडी भीतीही हवी. त्याशिवाय त्याला स्वतःची ताकद कळत नाही. युरोपात हे फार पूर्वी ओळखले गेले. १९४३ साली, दुसरे महायुद्ध चालू असताना, कोपनहेगनजवळ एमड्रुप येथे सोरेन्सन नावाच्या उद्यानरचनाकाराच्या कल्पनेतून एक निराळे क्रीडांगण उघडले गेले. तिथे तयार घसरगुंड्या नव्हत्या. लाकडे, विटा, जुने सामान मुलांपुढे टाकले आणि त्यांना हवे ते बांधू दिले. मुलांच्या हाती हातोडे आणि खिळे होते; मात्र जाणते मोठे माणूसही तिथे सतत हजर असे. पुढे इंग्लंडमध्ये लेडी अॅलन यांनी या कल्पनेचा जोरदार पुरस्कार केला. म्हणजे सुरक्षिततेचा विचार करणारी माणसे धाडसाची शत्रू असतात असे नाही.

तेव्हा धाडस आणि दगा यांत फरक केला पाहिजे. उंच फांदी मुलाला उंच दिसते. विहिरीचे काळेभोर पाणी खोल आहे हे त्याला कळते, आणि काठावर काका उभा असतो. तिथे मूल धोका पाहते, जोखते, मग उडी मारते. हे धाडस. पण बाहेरून हिरव्या रंगाने चकाकणारा खांब जमिनीपाशी आतून गंजलेला आहे, हे मुलाला कसे कळावे? त्याच्या आईलाही कळणार नाही. झोपाळ्याची कडी झिजून सुतळीएवढी राहिली आहे, पाण्यातला क्लोरीन संपला आहे, तलावाच्या तळाची जाळी निघाली आहे. हा सगळा दगा. धाडस मुलाकडे राहू द्यावे; दगा शोधून काढणे हे ज्याने ती जागा उभारली त्याचे काम आहे. विहीर कोणालाही बोलावत नाही. पालिकेची बाग मात्र रंगीत हत्ती उभा करून मुलांना हाक मारते, आणि हाक मारणाऱ्यावर जबाबदारी येते.

आता दगा म्हणजे नेमके काय ते आपल्या बागांत पाहू. सर्वांत मोठा दगा खेळण्यात नसतो, खेळण्याखाली असतो. दोन मीटर उंचीवरून पडलेले मूल जमिनीवर आदळते तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे २२ किलोमीटर असतो. सायकल जोरात हाणली तर येतो तेवढा. हे साधे पदार्थविज्ञान आहे. पडणे आपण थांबवू शकत नाही आणि थांबवूही नये. पण खाली खोल भुसभुशीत वाळू असेल तर तो वेग वाळू गिळते, आणि फरशी असेल तर तो डोक्यालाच गिळावा लागतो. जुन्या बागांत घसरगुंडीखाली वाळूचा खड्डा असायचा. सुशोभीकरणाच्या लाटेत कित्येक ठिकाणी तो बुजला आणि तिथे पेव्हर ब्लॉक आले. दिसायला नीटनेटके, झाडायला सोपे, आणि पडायला जीवघेणे. युरोपातल्या क्रीडांगणांच्या मानकात पडण्याची उंची ३ मीटरपेक्षा जास्त असू नये असे बंधन आहे, आणि उंची जितकी अधिक तितकी खालची जमीन अधिक मऊ हवी असा हिशेब आहे.

दुसरा दगा फटींचा. कठड्याच्या दोन गजांमधले अंतर साधारण ९ सेंटिमीटरपेक्षा कमी तरी हवे किंवा २३ सेंटिमीटरपेक्षा जास्त तरी. या दोहोंच्या मधल्या फटीतून लहान मुलाचे धड पायांकडून निसटते आणि डोके अडकते. अमेरिकेतल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने क्रीडांगणांविषयी १९८१ साली पहिल्यांदा पुस्तिका काढली. तिच्या आजच्या आवृत्तीत हे माप आहे. ते मोजायला अभियंता लागत नाही, शिंप्याचा टेप पुरतो. तिसरा दगा उन्हाचा. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात दुपारी चार वाजता पत्र्याच्या घसरगुंडीला हात लावून पाहावा. तिच्यावर एक झाड असले, तर प्रश्न पुष्कळसा सुटतो. पण उभारताना हा विचार करायला कोणी सांगितलेलेच नसते.

इथे आपल्या कायद्यातली एक मौज सांगण्यासारखी आहे. केंद्र सरकारने २०२० साली खेळण्यांच्या गुणवत्तेबद्दल आदेश काढला, आणि १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक चिन्ह सक्तीचे झाले. त्यातल्या एका मानकात घरगुती वापराचे झोपाळे आणि घसरगुंड्याही येतात. म्हणजे ज्याच्या घराला गच्ची किंवा अंगण आहे त्याच्या मुलाच्या प्लॅस्टिकच्या घसरगुंडीची काळजी कायद्याने वाहिली. पण ते मानक घरगुती वापरापुरते आहे. शंभर मुले रोज जिच्यावर चढतात ती बागेतली लोखंडी घसरगुंडी त्याच्या बाहेर राहते. अंगण नसलेल्याच्या मुलाला बाग हेच अंगण असते, हे कायदा करणाऱ्यांच्या ध्यानात राहिले नसावे.

पाण्याचा प्रश्न याहून अवघड, कारण पाण्यातला दगा डोळ्यांना क्वचितच दिसतो. पंचवीस मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल अशा तलावात सुमारे ४ लाख ६८ हजार लिटर पाणी मावते. ते रोज बदलले जात नाही, आणि टँकरच्या महाराष्ट्रात ते बदलावे असे म्हणणेही शोभणार नाही. तेच पाणी पंपाने खेचून, वाळूच्या गाळणीतून काढून, औषध मिसळून पुन्हा सोडायचे असते. समजा गाळणी सहा तासांत तलावाएवढे पाणी काढते. तरी त्या सहा तासांत सगळे पाणी गाळले गेले असे होत नाही, कारण गाळलेले पाणी न गाळलेल्यात मिसळत राहते. प्रत्यक्षात दोन तृतीयांशाहून थोडे कमीच पाणी गाळणीतून जाते. तेव्हा वीज वाचवण्यासाठी रात्री पंप बंद ठेवला की सकाळच्या पहिल्या तुकडीला कालचेच पाणी मिळते.

क्लोरीनबद्दल आपल्याकडे एक भाबडी समजूत आहे : वास उग्र आला की औषध भरपूर. बहुधा उलटे असते. तो उग्र वास आणि डोळ्यांची चुरचुर मुख्यतः घाम व मूत्र यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन बनलेल्या क्लोरामाइनची असते. म्हणजे क्लोरीन खर्ची पडला, मळ उरला. शिवाय नुसता क्लोरीन असून भागत नाही; पाण्याचा आम्लपणा, ज्याला पी. एच. म्हणतात, तोही सांभाळावा लागतो. पी. एच. साडेसात असेल तर क्लोरीनचा सुमारे निम्मा भाग जोरकस जंतुनाशकाच्या रूपात असतो. तोच आठवर गेला की जेमतेम चौथा हिस्सा उरतो. उघड्या तलावात ऊनही क्लोरीन उडवते. म्हणून सकाळी सहाला पाहिलेले प्रमाण दुपारी बाराला कामाचे नाही. तपासणी दिवसातून अनेकदा करावी लागते, आणि तिची नोंद तिथल्या तिथे व्हावी लागते.

योग्य प्रमाणात क्लोरीन असेल तर ई. कोलायसारखा जंतू एका मिनिटाच्या आत मरतो. पण जुलाब करणारा क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी नेहमीच्या क्लोरीनमध्ये दहा दिवसांहून अधिक तग धरतो. म्हणून एखाद्या बाळाने पाण्यात शी केली तर तलाव ताबडतोब रिकामा करणे आणि ठरलेल्या पद्धतीने शुद्ध करणे याला पर्याय नसतो. त्या वेळी जीवरक्षकाला 'बंद करा' म्हणण्याचा अधिकार आहे का? की आधी ठेकेदाराला विचारावे लागते, आणि ठेकेदार तिकिटांकडे पाहतो? नियम लिहायचा तो याच क्षणासाठी. शांतपणे लिहिलेला नियम घाईच्या वेळी दुबळ्या माणसाच्या पाठीशी उभा राहतो.

तळाच्या जाळीची गोष्ट तर अंगावर काटा आणणारी आहे. पाणी खेचणाऱ्या जाळीचे झाकण सपाट किंवा तुटके असेल तर तिथे अंग चिकटून माणूस वर येऊ शकत नाही. अमेरिकेत २००२ साली सात वर्षांची एक मुलगी अशाच खेचीने पाण्याखाली अडकून दगावली. तिच्या आईने पाठपुरावा केला आणि डिसेंबर २००७ मध्ये तिच्याच नावाने कायदा झाला. सार्वजनिक तलावांना अडकू न देणारी झाकणे सक्तीची झाली. याच देशात तलावाच्या पाण्याचे नियम मात्र मुख्यतः राज्ये आणि स्थानिक आरोग्य खातीच करतात. केंद्राच्या रोगनियंत्रण संस्थेने २०१४ मध्ये एक नमुना नियमावली काढली, ती घ्यायची की नाही हे त्या त्या ठिकाणाने ठरवावे एवढ्याच अर्थाने. म्हणजे तिथेही शेवटी गावालाच लिहावे लागते.

'पाणी शुद्ध आहे' असे आपण फार सहज म्हणतो. शुद्ध आणि स्वच्छ या शब्दांत महाराष्ट्राचा मोठा इतिहास दडला आहे. १९२३ साली मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असल्याचे जाहीर झाले. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा तो कागद पहिल्यांदा ओला झाला. त्यानंतर सनातन्यांनी पंचगव्याच्या घागरी ओतून तळे 'शुद्ध' केले, आणि त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागेही घेतला. न्यायालयाचा अंतिम निकाल लागायला १९३७ साल उजाडले.

चवदार तळ्याचा प्रश्न माणुसकीचा होता; पोहण्याच्या तलावातल्या क्लोरीनची त्याच्याशी बरोबरी करण्याचा अविचार मी करणार नाही. पण नागरिकशास्त्राच्या दृष्टीने त्यातून दोन धडे मिळतात. मर्जीने केलेला ठराव मर्जीने मागे घेता येतो, हा एक. आणि पाण्याची 'शुद्धी' ही समजुतीची गोष्ट असते, तर स्वच्छता ही मोजण्याची गोष्ट असते, हा दुसरा. शेण-दूध ओतून तळे शुद्ध झाल्याचे मानणारे मन आणि उग्र वास आला म्हणून तलाव निर्मळ समजणारे मन, दोघेही मोजायचे टाळतात. आजही 'त्वचेचा रोग असणाऱ्यांस प्रवेश नाही' हे वाक्य दाराशी कोणावर रोखले जाते आणि कोणाला सहज आत सोडले जाते, याचा विचार करावा. मोजलेला नियम सर्वांना सारखा असतो. नजरेने ठरवलेला नियम नजर जिथे वळते तिथे वळतो.

दुसरा आक्षेप पैशाचा. पालिकेकडे पैसे कुठे आहेत? या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात दिलेले आहे. उघड्या गटारांनी त्रासलेल्या रहिवाशांविरुद्ध नगरपालिकेने पैशाची अडचण पुढे केली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ती मानली नाही. कायद्याने सोपवलेल्या कर्तव्यातून तिजोरी रिकामी म्हणून सुटका होत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. त्याआधी १९६६ मध्ये दिल्लीच्या चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळून माणसे दगावल्याच्या प्रकरणात न्यायालयाने महापालिकेलाच जबाबदार धरले होते. वर्दळीच्या रस्त्यालगतची इमारत सांभाळणे हे मालकाचे कर्तव्य. दोष आत लपलेला होता, आम्हांला दिसला नाही, ही सबब चालणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. आपण ज्याला दगा म्हटले त्याचीच ही कायद्याच्या भाषेतली ओळख. मनोऱ्याला जो न्याय, तो झोपाळ्याच्या खांबाला का असू नये?

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. नियम कडक केले की पालिका सोपा मार्ग धरील : बागेला कुलूप. 'दुरुस्तीसाठी बंद' ही पाटी लागेल आणि पोरे पुन्हा रस्त्यावर, नाहीतर नदीच्या डोहात. श्रीमंतांच्या सोसायट्यांना आणि क्लबांना त्याची झळ लागणार नाही. म्हणून नियमातच दुसरी बाजू लिहिली पाहिजे : बंद करण्याचा अधिकार तिथल्या माणसाला तत्काळ, पण पुन्हा उघडण्याची मुदत पालिकेला बांधलेली, आणि ती ओलांडली तर कारण लेखी जाहीर करण्याची सक्ती.

या नियमांचा सांगाडा पुस्तकभर मोठा नको. प्रत्येक बागेची आणि तलावाची ठरलेल्या मुदतीत पाहणी व्हावी, आणि तारीख, नाव, निष्कर्ष दारावर लागावेत. झोपाळे-घसरगुंड्यांखाली कठीण फरशी नसावी. तलावाचे क्लोरीन व पी. एच. दिवसातून ठरावीक वेळा मोजून फळ्यावर खडूने लिहावे. काठावरून सर्वांत खोल भागाचा तळ स्पष्ट दिसत नसेल तर तलाव बंद करावा, कारण ज्याला तळ दिसत नाही त्या जीवरक्षकाला तळाशी गेलेले मूलही दिसणार नाही. आणि ठेका दिला म्हणून जबाबदारी दिली असे मानू नये.

यात आपल्याला परके असे काही नाही. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींच्या पाणीपुरवठ्याची पावसाळ्याच्या आधी आणि नंतर पाहणी होते आणि त्यावरून गावाला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. खेड्यातला जलसुरक्षक टी. सी. एल. पावडर टाकतो आणि नळाच्या पाण्याची ओ. टी. परीक्षा करतो. जे एखादे लहानसे खेडे करते ते लाखो वस्तीच्या शहराला तलावावर आणि बागेवर करता येऊ नये? लाल कार्ड फाटकावर टांगले, तर वाचता न येणाऱ्या आजीलाही नातवाचा हात धरून मागे फिरता येईल.

राहता राहिलो आपण. कला शाखेच्या विद्यार्थ्याला रसायनशास्त्र येत नाही ही सबब पुरेशी नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी रस्ते झाडतो, भिंती रंगवतो. यंदा चार-चार जणांनी एकेक बाग वाटून घ्यावी. टेप घेऊन गजांमधल्या फटी मोजाव्यात, खेळण्यांखाली काय आहे ते लिहावे, कड्या आणि बोल्ट पाहावेत. तलावाच्या काठावर उभे राहून तळ दिसतो का ते पाहावे. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हाती आहे. दहा रुपयांच्या अर्जात तीन प्रश्न विचारावेत : गेल्या तीन महिन्यांच्या पाणी तपासणीची नोंदवही, बागेच्या शेवटच्या पाहणीचा अहवाल, आणि ठेक्याच्या करारातील देखभालीच्या अटी. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. नोंदवहीच नाही असे उत्तर आले, तर तेही लेखी उत्तरच आहे. ते घेऊन प्रभागातल्या लोकांना भेटावे, वर्तमानपत्राला पत्र लिहावे, उपविधीची मागणी करावी. राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे की प्रकल्पाच्या वह्यांत दरवर्षी उतरणाऱ्या त्याच त्या 'स्थानिक स्वराज्य संस्था : रचना व कार्ये' ऐवजी ही कागदपत्रे तपासायला मागावीत.

थोड्याच दिवसांत परीक्षा संपतील, उन्हाळ्याची सुट्टी लागेल आणि शहरातली सगळी पोरे बागांवर आणि तलावांवर तुटून पडतील. ती फलक वाचणार नाहीत, आणि वाचू नयेच. मूल निर्धास्तपणे उडी मारते, कारण आधी कोणीतरी खाली पाहून घेतले असणार असे ते गृहीत धरते. ते पाहून घेणारे माणूस नेमणे, त्याचे नाव लिहून ठेवणे आणि त्याला दरमहा जाब विचारणे, एवढेच आपल्याला नगरपालिकेकडून मागायचे आहे.